अक्षराआधी अंगण

(बालवाडी शिक्षिका व पालक यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



जून महिन्यात बालवाडीचे वर्ग सुरू होतात आणि दिवाळीच्या सुमारास पालकांच्या तक्रारी सुरू होतात. चार वर्षांचे मूल एका जागी बसत नाही. पेन्सिल धरते, पण दोन ओळी गिरवल्या की हात दुखतो म्हणते. बसलेच तर पाठ ताठ राहत नाही. ते बाकावर रेलते, डोके हातावर टेकते, खुर्चीवरून घसरत राहते. यावर घरोघरी योजला जाणारा उपायही ठरलेला आहे : गिरवण्याची आणखी एक वही, आणखी अर्ध्या तासाची बैठक आणि एवढ्यानेही साधले नाही तर शिकवणी. मूल आळशी आहे, चंचल आहे, असा शिक्काही याच वयात बसतो आणि तो पुढे सहजी पुसला जात नाही.

वस्तुत: या तक्रारींचे मूळ पुष्कळदा बोटांत नसते. ते खांद्यात, पाठीत आणि पोटात असते. लिहिताना फक्त बोटे हलताना दिसतात. परंतु त्या बोटांना मनगटाने, मनगटाला कोपराने, कोपराला खांद्याने आणि खांद्याला धडाने स्थिर आधार द्यावा लागतो. पाट डळमळत असेल तर त्यावर बसून रांगोळीची रेघ सरळ कशी ओढता येईल? तोच न्याय येथे लागू होतो. म्हणून ज्या मुलाला बसणे जड जाते, त्याला अधिक बसवणे हा उपाय नव्हे. त्याला आधी पुरेसे हलू देणे, हा उपाय आहे.

शरीराची मुळाक्षरे

बालशिक्षणाच्या परिभाषेत शरीराच्या मोठ्या स्नायूंच्या हालचालींना स्थूल कारक कौशल्ये म्हणतात. रांगणे, चालणे, धावणे, उडी मारणे, चढणे, लोंबकळणे, तोल सावरणे ही त्यांची उदाहरणे. बटण लावणे, मणी ओवणे, लिहिणे ही सूक्ष्म कारक कौशल्ये होत. विकासाचा क्रम सामान्यत: डोक्याकडून पायाकडे आणि धडाकडून बोटांकडे जातो. बाळ प्रथम मान सावरते, मग पालथे पडते, मग बसते, रांगते, उभे राहते आणि चालते. दोन्ही पायांनी एकदम उडी अडीच वर्षांच्या आसपास जमते; एका पायावरची लंगडी चौथ्या-पाचव्या वर्षी साधते. निसर्गाने आखलेला हा अभ्यासक्रम आहे आणि त्यात पेन्सिलीचे स्थान बरेच नंतरचे आहे.

या क्रमाकडे पाहताना एक तारतम्य मात्र बाळगले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील ८१६ बालकांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी बालके आधाराशिवाय चालू लागण्याचे वय सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. सुमारे चार टक्के बालके हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी पुढे चालू लागली. तेव्हा शेजारच्या मुलाशी आपल्या मुलाची तुलना करून घरात धास्ती पसरवण्याचे कारण नाही. मात्र अठरा महिने पूर्ण होऊनही मूल चालत नसेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल, किंवा आधी येत असलेली हालचाल विसरू लागले असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. खेळ हे औषधाला पर्याय नव्हेत.

प्राणीच का?

आता प्रश्न असा की, या हालचाली मुलांकडून करून घ्यायच्या कशा? मोठ्यांसाठी व्यायाम हे कर्तव्य असू शकते. चार वर्षांच्या मुलासाठी नाही. “हात जमिनीवर टेका, गुडघे उचला, कंबर वर घ्या, आता उजवा हात पुढे” अशा आज्ञा दिल्या तर तिसऱ्या आज्ञेला मुलाचे लक्ष खिडकीबाहेर गेलेले असते. त्याच मुलाला “जंगलातून अस्वल चालले आहे” एवढेच सांगितले, तर या सर्व गोष्टी ते एका क्षणात करते आणि वर गुरगुरतेही! चार आज्ञांचे काम एक प्रतिमा करते. शिवाय आज्ञा पाळताना मूल दोनदा हालचाल करते आणि थांबते. अस्वल झाल्यावर तीच हालचाल वीस वेळा करते. स्नायूंना आणि मेंदूला हवी असते ती हीच पुनरावृत्ती, आणि ती सक्तीने नव्हे, आनंदाने झालेली.

माणसाने प्राण्यांकडून हालचाल शिकण्याची ही कल्पना नवी नाही. आपल्याकडील घेरंडसंहिता ३२ आसनांचे वर्णन करते. त्यांत मत्स्य, कूर्म, मंडूक, कुक्कुट, मयूर, गरुड, शलभ, मकर, उष्ट्र, भुजंग अशी प्राण्यांची मोठी मांदियाळीच आहे. जगात जितक्या जीवयोनी तितकी आसने, असा त्या ग्रंथाचा भाव आहे. केरळच्या कळरिपयट्टु या युद्धकलेत हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मोर यांच्या पवित्र्यांवरून शरीराच्या मूळ स्थिती बेतल्या आहेत. चीनमध्ये वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी या पाच प्राण्यांच्या व्यायामाचे श्रेय हुआ तुओ या प्राचीन वैद्याला दिले जाते. देश वेगळे, काळ वेगळे. पण निरीक्षण एकच. प्रत्येक प्राणी शरीराचा एकेक भाग विशेष कौशल्याने वापरतो आणि त्याची नक्कल करताना माणसाचाही तो भाग जागा होतो.

आपल्या घरा-अंगणातही हे शास्त्र कोणी न शिकवता नांदत होते. मंगळागौरीच्या खेळांतील कोंबडा आणि कासव फुगडी आठवून पाहावी. उकिडवे बसून पाय पुढे टाकत उसळणारा कोंबडा म्हणजे मांड्यांची आणि तोलाची कसोटीच! वडाच्या पारंब्यांवर रंगणाऱ्या सूरपारंब्यांत मुले माकडे होत आणि खांदे व पंजे बळकट होत. आजोबांच्या पाठीवरचा घोडा-घोडा हा तर बाळाचा तोल सावरण्याचा पहिला वर्ग. या खेळांना कोणी कारक विकास म्हणत नव्हते, परंतु विकास होत होता. आज वडही विरळ झाले आणि पारंब्यांना लोंबकळण्याची परवानगीही. म्हणून जे आपोआप होत असे, ते आता जाणीवपूर्वक करावे लागणार आहे.

कोणता प्राणी काय देतो?

प्राण्यांच्या खेळांची निवड करताना त्यातून काय साधते, हे शिक्षिकेला आणि पालकांना ठाऊक असले पाहिजे. म्हणजे खेळ केवळ गोंधळ राहत नाही.

पहिला गट चार पायांवर चालणाऱ्यांचा. अस्वल हात आणि पाय टेकून, गुडघे अधांतरी ठेवून चालते. यात शरीराचा भार तळहातांवर येतो. मनगटे, खांदे आणि पोटाचे स्नायू एकाच वेळी काम करतात. उजवा हात आणि डावा पाय, मग डावा हात आणि उजवा पाय, असा ताल साधताना शरीराच्या दोन्ही बाजूंचा मेळ बसतो. खेकडा याच्या उलट. बसून हात मागे टेकायचे, कंबर उचलायची आणि आडवे किंवा मागे सरकायचे. खांद्याची मागची बाजू, दंड आणि नितंब यांना एरवी न मिळणारे काम यात मिळते. पोटावर सरपटणारा साप आणि हात पुढे नेत, मग पाय हातांजवळ आणत चालणारी अळी हेही याच गटातले. लिहिण्यासाठी लागणाऱ्या खांद्याच्या बळाचा विचार केला, तर या गटाला अग्रक्रम द्यावा.

दुसरा गट उड्या मारणाऱ्यांचा. बेडूक उकिडवा बसतो, दोन्ही तळहात पुढे टेकतो आणि उसळतो. ससा लहान उड्या मारतो, कांगारू लांब. या खेळांत मांड्या आणि पोटऱ्या बळकट होतात आणि हाडांना आवश्यक तो भार मिळतो. येथे एकच गोष्ट शिकवायची : उतरताना गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि पावलांचा आवाज होऊ नये. “तळ्यातल्या माशांना कळता कामा नये” असे बेडकाला सांगितले की ते आपोआप साधते. घोड्याची दौडही येथेच येते. एक पाऊल कायम पुढे ठेवून केलेली ही दौड म्हणजे पुढे येणाऱ्या लयबद्ध धावण्याची पूर्वतयारी होय.

तिसरा गट तोल सांभाळणाऱ्यांचा. भातखाचरात एका पायावर उभा असलेला बगळा हा या गटाचा गुरू. तीन वर्षांच्या मुलाचा बगळा दोन-तीन क्षण टिकतो. पाच वर्षांच्या मुलाचा आठ-दहा. पंख पसरून घिरट्या घालणारी घार वळणांवर शरीर झुकवायला शिकवते. कानाच्या आतल्या भागात तोलाचे इंद्रिय असते. त्याला वळणे, गिरक्या, झोके यांतूनच शिक्षण मिळते. गिरकी मात्र थोडी आणि दोन्ही दिशांनी घ्यावी. मुलाला गरगरू लागले की थांबावे.

चौथा गट लोंबकळणाऱ्या माकडांचा. उद्यानातील आडवा दांडा किंवा घरातील भक्कम झोपाळ्याची कडी, मुलाच्या उंचीला जमेल अशी, त्यासाठी पुरेशी आहे. खाली मऊ जागा आणि शेजारी मोठे माणूस असणे बंधनकारक समजावे. पाच-दहा क्षणांचे लोंबकळणेही पंजाची पकड घडवते, आणि पेन्सिल धरणारा हात हाच असतो.

थांबण्याची शक्ती

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित गट मात्र पाचवा : हळू चालणाऱ्यांचा. उंदरावर दबा धरणारी मांजर, कासव, गोगलगाय. मुलांना धावायला सांगावे लागत नाही. थांबायला शिकवावे लागते. वेगाने हालचाल करताना शरीर गतीच्या आधारावर तरून जाते. सावकाश हालचाल करताना प्रत्येक क्षणी तोल स्वत: सांभाळावा लागतो. मांजर होऊन आवाज न करता खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणे हे धावण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

याहून पुढची पायरी म्हणजे अचानक बदल. ढोलकी वाजते आहे तोवर सर्व घोडे दौडतात. थाप थांबली की जागच्या जागी बगळे होतात. यात मुलाला आवेग आवरावा लागतो, ऐकावे लागते, सूचना लक्षात ठेवावी लागते. वर्गात “जरा थांब, ऐक, मग कर” ही जी अपेक्षा मुलांकडून केली जाते, तिचा सराव प्रथम शरीरात होतो. ज्या मुलाला आपण चंचल म्हणतो, त्याला उपदेशापेक्षा या खेळाची गरज अधिक असते.

कोणी बाद होऊ नये

येथे मोठ्यांच्या एका सवयीचा विचार करणे प्राप्त आहे. खेळ म्हटला की आपल्याला स्पर्धा आठवते आणि स्पर्धा म्हटली की “बाद” आठवते. ज्याचा तोल गेला तो बाद, जो शेवटी पोहोचला तो बाद. परिणाम काय होतो? ज्याचा तोल सर्वांत कच्चा, तो पहिल्या मिनिटाला भिंतीपाशी जाऊन बसतो. आणि ज्याला सरावाची गरज सर्वांत कमी, तो शेवटपर्यंत खेळतो. ज्याला औषध हवे त्यालाच औषध नाकारण्याचा हा प्रकार आहे. सहा वर्षांखालील मुलांच्या खेळात कोणीही बाद होऊ नये. तोल गेलेला बगळा बाद होत नाही, बेडूक होतो आणि खेळ चालू ठेवतो. एवढ्या साध्या बदलाने खेळाचे स्वरूप पालटते.

ज्या मुलाला पायांनी चालता येत नाही, त्यालाही या जंगलात जागा असली पाहिजे. चाकाच्या खुर्चीवरील मूल हातांनी हत्तीची सोंड झुलवू शकते, घारीचे पंख पसरू शकते, कळपाचा मुख्य होऊन कोणता प्राणी येणार हे पुकारू शकते. जंगलात सर्वच प्राणी धावत नाहीत, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर उमगते.

शिक्षेतून सुटका

याहून गंभीर गोष्ट शिक्षेची. प्राण्यांच्या हालचाली आपल्या शाळांना अपरिचित नव्हत्या. परंतु त्या कोठे भेटत? गृहपाठ केला नाही म्हणून मुलाला कोंबडा करून उभे केले जाई. उशीर झाला म्हणून मैदानाला बेडूकउड्या मारायला लावत. उठाबशा तर नित्याच्याच. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांना व्यायामाची पहिली ओळख अपमानाच्या रूपाने झाली. ज्या हालचालीने मांड्या बळकट व्हायच्या, तिने मन खच्ची झाले. मोठेपणी व्यायामाचा कंटाळा करणाऱ्या कित्येकांच्या मनाचा तळ तपासला, तर तेथे एखादा कोंबडा उभा असलेला सापडेल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. कायद्याने शिक्षा बंद केली; परंतु कोंबड्याला आणि बेडकाला त्यांचा मान परत मिळवून देण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते शिक्षकांनी आणि पालकांनी करायचे आहे. खेळाच्या वर्गात बेडूकउडी आनंदाने शिकवायची आणि दंगा केला म्हणून तीच शिक्षेदाखल मारायला लावायची, असे एकदा जरी घडले, तरी महिन्याचे काम वाया जाते. हालचाल ही कधीही शिक्षा असू नये, आणि हालचाल बंद करणे, म्हणजे “आज तुला खेळायला जायचे नाही” हीही शक्यतो शिक्षा असू नये.

वेळ, जागा आणि क्रम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल केली पाहिजे आणि त्यांपैकी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी असावी. पडद्यासमोर बसण्याचा वेळ एक तासाहून अधिक नसावा. तो जितका कमी तितके चांगले. १८० मिनिटे हा आकडा ऐकून पालक दचकतात. परंतु जिना चढणे, भाजी आणायला पायी जाणे, घरात लुडबुडणे हे सर्व त्यात येते. प्राण्यांच्या खेळांनी त्यातील पंधरा-वीस मिनिटे भरीव केली, तरी पुष्कळ झाले.

जागेची सबबही तपासून पाहावी. दोन खोल्यांच्या घरात पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत खेकडा सहज जातो. गालिचा नको, क्रीडासाहित्य नको, पैसाही नको. जमीन कोरडी असावी, पाय अनवाणी असावेत, टोकदार कोपऱ्यांपासून अंतर असावे आणि जेवणानंतर निदान तासभर गेलेला असावा, एवढी पथ्ये पुरेत. संध्याकाळच्या संस्कारवर्गात, वसाहतीच्या गच्चीवर किंवा देवळाच्या आवारात दहा-पंधरा मुले जमत असतील तर उत्तमच.

क्रम असा ठेवावा : आरंभी दोन-तीन मिनिटे हत्तीची डुलती चाल, अंग सैल होण्यासाठी. मग अस्वल, खेकडा, बेडूक, घोडा या जोरकस हालचाली. प्रत्येक अर्धा-एक मिनिट, मध्ये थोडी उसंत. त्यानंतर ढोलकीच्या तालावर बदलाचा खेळ. शेवटी मांजर, कासव, आणि अखेरीस झाडाखाली झोपलेला सिंह. डोळे मिटून, श्वास ऐकत. सगळ्या हालचालींना एका गोष्टीत गुंफले की मुले स्वत:च पुढचा प्राणी सुचवतात, आणि मुलाने सुचवलेला प्राणी नाकारू नये.

या विचाराला आता शासकीय धोरणाचाही आधार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून खेळाला शिक्षणाचे माध्यम केले. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पंचकोशांची संकल्पना स्वीकारली. त्यात अन्नमय कोश, म्हणजेच शरीर, पहिला आहे. परंतु धोरण कागदावर असते आणि मूल जमिनीवर. या दोहोंमधील अंतर कापण्याचे काम घरातील आणि बालवाडीतील मोठ्या माणसाचेच.

महाराष्ट्राला तर यासाठी दूर जावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी ते वाढवले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ते नाव देशभर पोहोचवले. त्या शब्दाकडे आज पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहण्याची गरज आहे. त्यात फळा नाही, वही नाही, इयत्ता नाही. त्यात अंगण आहे.

मुलाला लिहिता-वाचता यावे, ही प्रत्येक आईवडिलांची इच्छा रास्त आहे. त्यात गैर काही नाही. मात्र त्या इच्छेची पहिली पायरी टेबलाजवळ नसून जमिनीवर आहे. आज रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येक घरात दहा मिनिटे एक अस्वल चालावे, आणि ते अस्वल प्रथम बाबांनी व्हावे. गुडघे दुखत असतील तर आजोबांनी बसल्या जागी कासव व्हावे. मोठ्यांनी खाली वाकले की मुले वर येतात. एवढा एक नेम महिनाभर पाळला, तर जी वही आज युद्धभूमी झाली आहे, ती मूल आपणहून पुढे ओढेल, आणि त्या वेळी त्याची पाठ ताठ असेल.